आत्याची पट्टी

डीजेच्या विरोधात पत्रक काढणारी पोरगी स्वतःच मशीन घेऊन आली, हे मला पांढुर्ण्यात इतक्या जणांनी तोंडावर ऐकवलं, की पुढं पुढं मीच ते आधी सांगून टाकायला लागले. समोरच्याचा त्रास वाचतो.

पत्रक मीच लिहिलं होतं आणि त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर भिंतीएवढे डबे लावायचे, घरातल्या म्हाताऱ्यांची छाती धडधडेपर्यंत वाजवायचे, आणि ज्या बायांनी सारा जन्म गाणी रचली, म्हटली, त्यांना पार मागे, पाण्याच्या टँकरजवळ चालायला लावायचं. हे कोणत्या विचारात बसतं, असं मी सरळ विचारलं होतं. दोन भाषांत काढलं होतं. आमचं राज्य हिंदीचं, घरं मराठी; हिंदीत काढलं की ऑफिसवाले वाचतात, मराठीत काढलं की घरचे वाचतात. घरच्यांनी वाचलं. आणि काही महिन्यांनी माझ्या काखेत वायरी लोंबणारी काळी पेटी पाहिली.

मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करते. वाढदिवसाच्या शुभेच्छा, हार्दिक अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाच खुर्चीत बसून. दुकानाचे शेठ संत्र्याच्या बागायतदार घरातले. त्यांनी पहिल्याच दिवशी मशीनवरची चादर उचलून पाहिली.

"काहून वो, दुसऱ्याचा डीजे बंद करून आता स्वतःचा लावतं का?"

"हा डीजे नाही शेठ. सिंथेसायझर आहे."

"गाणे किती हायेत त्याच्यात?"

"एकही नाही."

"ताल?"

"नाही."

"तबला-गिबला?"

"नाही."

"मंग इकणाऱ्यानं तुले देल्लं काय? खोकं?"

खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे मलाही तसंच वाटत होतं. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या माणसानं धंदा बदलला म्हणून ती मशीन मी जुनी घेतली. लग्नात वाजवतात त्या कीबोर्डमध्ये बासरी, सनई, व्हायोलिन सगळं आधीच भरलेलं असतं, बटण दाबलं की हजर. माझ्या मशीनमध्ये तसलं काही नाही. तीन सप्तकांच्या पट्ट्या आणि वर ओळीनं फिरवायच्या गुंड्या. आवाज तुम्ही बनवायचा. आधी एक कच्चा, खरखरीत सूर घ्यायचा, त्याच्या जोडीला दुसरा ठेवायचा, मग गाळणीतून गाळल्यासारखा त्याचा चरचरीतपणा कमी करायचा, तो हळूच सुरू व्हावा की दणकन, हेही ठरवायचं. स्वतःचा स्पीकरसुद्धा नाही तिला. मी कानाला हेडफोन लावून बसायची आणि आईला वाटायचं पोरगी मुक्या पेटीवर बोटं आपटून राहिली.

तिला व्हर्च्युअल अ‍ॅनालॉग म्हणतात. जुन्या काळी असल्या मशिनी खऱ्याखुऱ्या विजेच्या जोडण्यांवर चालायच्या आणि तापल्या की त्यांचे सूर इकडंतिकडं सरकायचे. वाजवणारे वैतागायचे. माझ्या मशीनमध्ये आत कॉम्प्युटर आहे, तो त्या जुन्या मशिनींची नक्कल करतो. तिथपर्यंत ठीक. पण एक गुंडी अशी आहे की ती फिरवली की त्या सरकण्याचीही नक्कल होते. म्हणजे चुकांचीसुद्धा. हे कळलं त्या दिवशी मी घरात भाषणच ठोकलं. खोटं ते खोटं, आणि वरून त्याच्या खोडीही खोट्या! माणसांना बरोबर आवाज मिळायला लागला तर यांना जुना बिघाड पाहिजे!

बाबा नगरपालिकेत, नळाच्या खात्यात. ते जेवता जेवता म्हणाले, "एवढं वाईट हाये तं वापस करून दे."

वापस करायची नव्हती. त्या गुंड्यांचा नाद लागला होता. दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे गोरे करून द्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन असा एक आवाज बनवायचा जो कोणी मागितलेला नाही, ह्यात जे सुख होतं ते पत्रक लिहिण्यातही नव्हतं. पत्रकात मला नेहमी कोणाला तरी खडसवायचं असतं. मशीनपुढं कोणी नसतं.

आता आत्याबद्दल सांगते, कारण गोष्ट तिचीच आहे.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. रामाकोन्याला दिली आहे. सौंसरच्या बुद्धविहारातल्या महिला मंडळात ती मुख्य गाणारी. वंदना झाली की पेटी पुढं ओढायची, ढोलकीवाल्या काकूंकडं एकदा बघायचं आणि सुरू. बरीच गाणी तिनंच रचलेली. लिहिता येतं, पण लिहून ठेवत नाही. एक गाणं पोरींना शाळेत घालण्याबद्दल आहे, त्याची ओळ मी लहानपणापासून ऐकते: पाटी धर वो लेकी, चूल राहू दे मागं. त्यातलं 'लेकी' ती इतक्या वर नेते की मागच्या रांगेतल्या बायाही मान वर करतात. मला पत्रक लिहायला कोणी शिकवलं असं विचारलं तर मी ज्या संघटनेसाठी पत्रकं काढते तिच्यातल्या लोकांची नावं घेते, पण डोक्यात ते 'लेकी' असतं.

पेटी वाजवायचे तिचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजी बोरगावच्या कारखान्यात कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी पेटी. ते गेल्यावर त्यांची पेटी विहारातच राहिली आणि मंडळातली एक सून पेटीला बसू लागली. तिला मामाजींनीच बोटं शिकवली होती, एकाच पट्टीची. आत्याची पट्टी काळी चार. म्हणजे पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांतली चौथी धरली की तिथून आत्याचा सा. आमच्याकडं गाणाऱ्या माणसाची ओळखच अशी असते. कोण कोणाचं, राहतं कुठं, आणि पट्टी कोणती. सौंसरात कोणालाही विचारा, आत्याची काळी चार.

मागच्या वर्षी उंदरांनी पेटीचा भाता खाल्ला. मंडळानं ठरवलं की आत्याला न सांगता पेटी नागपूरला न्यायची, चांगल्या कारागिराकडून दुरुस्त करून आणायची आणि तिला चकित करायचं. केलंही. नवा भाता, नवीन पॉलिश, पितळेच्या कड्या चकचकीत. आत्यानं पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही तं नवरीवानी दिसून राहिली."

आणि त्या दिवसापासून तिचा गळा बसला.

बसला म्हणजे खोकला-बिकला नाही. गाणं सुरू केलं की दोन ओळींत ती पेटीपासून सुटायची. वरच्या 'लेकी'ला आवाज फाटायचा. पेटीवालीनं एक पट्टी खाली घेऊन पाहिली, तिची बोटं चुकायला लागली, आणि तिथंही आत्या वरच सरकायची. आधी काकू म्हणाल्या, थंडी आहे. मग म्हणाल्या, सवय गेली. मग कोणीच काही म्हणेना. तरुण सुनांनी फार प्रेमानं सांगितलं, "आत्याबाई, तुम्ही बसा, आम्ही म्हणतो." ती बसली. हात मांडीवर ठेवून, पहिल्या रांगेत, पाहुण्यासारखी.

घरी मात्र वेगळी भीती होती. आत्या खर्रा खायची, तंबाखू-सुपारी घोटलेला. आमच्या भागात खर्रा खाणाऱ्या माणसाचा आवाज बदलला की घरातले लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. बाबांनी तिला नागपूरला नेलं. घशात कॅमेरा टाकून पाहिलं. काही नाही. घसा साफ. बाबा दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि रडले, हे मला आईनं नंतर सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, वय झालं आहे.

मी संतापले. बाईचं काहीही बिघडलं की वय! गुडघा दुखला, वय. झोप नाही, वय. एका माणसाचं आयुष्यभराचं गाणं जातं आणि त्याचं कारण दोन अक्षरांत! पण आत्यावर त्या दोन अक्षरांचा जो परिणाम झाला तो कोणाला दिसलाच नाही. आजार असता तर औषध असतं. आजार नाही म्हटल्यावर तिनं मानून घेतलं की संपलं. खर्रा सोडला, तोही कोणासाठी नाही, असाच. सौंसरला येणं बंद केलं. मी फोन केला की म्हणायची, "बरी हावो. कापूस येचून राहिलो." नंतर कापूस संपला तरी तेच म्हणायची.

मग जयंतीच्या आधी आमच्या दुकानात मंडळाची ऑर्डर आली. ढोलकीवाल्या काकूंचा फोन.

"बाई, एक मोठा फ्लेक्स बनवजो. तुह्या आत्याचा सत्कार ठेवला आपण. शाल, श्रीफळ, सारं. लिहिजो, ज्येष्ठ गायिका, गानसेवेतून निवृत्तीनिमित्त."

"तिनं सांगितलं का निवृत्ती घेतो म्हणून?"

"आता सांगाले काय पायजे बाई? दिसून नाही राहिलं का?"

"काकू, तुम्ही तिला भिंतीवर लावून राहिले. जिवंतपणी."

"तू पत्रकात बोलते तशी माह्यासंग नको बोलू वो. माह्या पोटात का कमी तुटते? तिच्या बाजूला ढोलकी घेऊन बसाची सवय हाये मले. पण तिले घरी तशीच बसू द्याची का? मान तं देऊ."

काकूंनी फोटोऐवजी जुने व्हिडिओ पाठवले, त्यातूनच एखादं चित्र काढून घे म्हणाल्या. मी दुपारभर आत्याच्या कडेची पार्श्वभूमी कापत बसले. तिच्या केसांच्या बटा कापताना मला दुकानात रडायला येत होतं आणि शेठ मागून म्हणत होते, "थोडी गोरी कर वो, स्टेजवर उठून दिसन." मी केली नाही.

त्यातला एक व्हिडिओ रामाकोन्यातल्या कोणाच्या तरी बारशाचा. मामाजी पेटीवर, आत्या गाते आहे. तोच मी संध्याकाळी घरी नेला. मनात वेडा विचार, की सत्काराच्या वेळी हा व्हिडिओ लावावा आणि खाली माझ्या मशीनचा एक बारीक, लांब सूर धरावा. निदान आवाज तरी तिचाच राहील. मी हेडफोन लावला, काळी चार दाबली.

लागेना. व्हिडिओतली आत्या खाली, माझी मशीन वर. दोन्ही एकमेकींना घासत होत्या. मी तिच्या शेजारची, खालची पांढरी पाच दाबली. आता मशीन खाली, आत्या वर. परत काळी. परत पांढरी. मामाजींचं बोट तर पडद्यावर स्पष्ट दिसत होतं, काळ्या चौथीवर.

फोनच खराब असेल म्हणून बाबांच्या फोनवर लावून पाहिलं. तेच. दुसरा व्हिडिओ लावला, एका गृहप्रवेशातला, दुसऱ्या कोणीतरी काढलेला. तेच. मग मी मशीनची ती गुंडी धरली जिच्यानं सगळी मशीन केसभर वरखाली सरकते. काळी चार दाबून ठेवली आणि गुंडी हळूहळू डावीकडं फिरवली. घासणं मंद झालं, आणखी मंद, आणि मग थांबलं. आत्याचा सा आणि माझा सा एक झाले. काळी चार आणि पांढरी पाच यांच्या बरोबर मधल्या फटीत, जिथं कोणत्याच पेटीत पट्टी नसते.

मी हेडफोन काढला आणि ओरडले, "बाबा, पेटी उतरलेली होती!"

बाबा आंघोळीला निघाले होते. "कोणती पेटी? कुठून उतरली?"

"मामाजींची! पहिलेपासून खालच्या सुरात होती! नागपूरवाल्यानं ती बरोबर करून दिली, म्हणून आत्या चुकायला लागली! तिचा गळा गेलाच नाही!"

बाबांनी टॉवेल परत खुंटीला लावला. मग म्हणाले, "तिले फोन नको करू. फोनवर पटन नाही. जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातला तांब्याएवढा स्पीकर मागून घेतला, मशीन वाकळीत गुंडाळली आणि बस धरली. मंगळवार होता, बस जामसांवलीच्या देवळाला जाणाऱ्या लोकांनी भरलेली. कंडक्टरनं वाकळीवर थाप मारून विचारलं, "क्या है ये, गैस का चूल्हा?" शेजारच्या बाईनं मांडीवरचा नारळ सावरत माझ्याच बाजूनं उत्तर दिलं, "बाजा होगा भैया, भजन का." मी एरवी तिथंच वाद घातला असता. त्या दिवशी म्हटलं, हो, भजनाचाच.

सौंसरला उतरून आधी विहारात गेले आणि दुरुस्त झालेली पेटी उघडली. तिची काळी चार माझ्या फोनवरच्या व्हिडिओतल्या काळ्या चारच्या वर बोलत होती. शंका उरली नाही. पुढच्या बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात आपोआप पत्रक सुरू झालं. कारागिरांनो, लोकांच्या पेट्या न विचारता... आणि तिथं अडकलं. त्यानं काय चुकीचं केलं होतं? त्याच्याकडं बिघडलेली पेटी आली, त्यानं ती बरोबर केली. मंडळानं काय चुकीचं केलं? प्रेमानं पेटी नेली. काळी चार म्हणजे काळी चार, सगळ्यांनी पट्टीचा रंग धरला होता, आवाज कोणी धरलाच नव्हता. मी पण नाही. मला कोणावर तरी चिडायचं होतं आणि कोणी सापडेना. विचित्र वाटलं. थोडं हलकंही वाटलं.

आत्या अंगणात तूर पाखडत होती. वाकळीतली मशीन पाहून म्हणाली, "हे काय आणलं? माह्या सत्काराले तोफ?"

"तुले माहीत आहे सत्काराचं?"

"गावाले माहीत हाये, मले नसन का?" सुपातला कचरा तिनं एका झटक्यात उडवला. "शाल चांगल्या कपड्याची आणा म्हणा. मागच्या गुरुजींले देल्लेली पोछ्याले कामी आली."

मी आत मशीन मांडली, स्पीकर जोडला, बटण दाबलं. काहीच नाही. वीज गेलेली.

आत्या दारात उभी राहून मनापासून हसली. किती दिवसांनी हसली असेल. "तुही पेटी लाईटीवर जगते व्हय? माह्या घरच्याची पेटी तं कंदिलातही वाजे."

मग आम्ही चहा प्यायलो. मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मान हलवली असती आणि मनात म्हटलं असतं, पोरगी समजूत घालून राहिली. चहा झाला, सूप आत घेऊन बसत तिनं माझ्या वाढलेल्या केसांवर, न झालेल्या लग्नावर, बाबांच्या बारीक होण्यावर बोलून घेतलं, तरी वीज येईना. माझं लक्ष पंख्याकडं. शेवटी पंखा हलला.

आवाज मी आदल्या संध्याकाळीच बनवला होता. पेटीत एका पट्टीखाली दोन दोन सूर असतात, ते अगदी बारीक फरकानं लागलेले असतात, म्हणून पेटीचा आवाज थरथरतो. तसे दोन सूर मी शेजारी शेजारी ठेवले होते, चरचरीतपणा गाळून टाकला होता. आणि ती गुंडी, खोट्या बिघाडाची, जिच्यावर मी घरात भाषण ठोकलं होतं, ती थोडी उघडली होती. तिच्याशिवाय आवाज मेल्यासारखा वाटत होता.

मी मशीन मुद्दाम बरोबर सुरातच ठेवली आणि काळी चार दाबून धरली.

आत्यानं नाक मुरडलं. "हे पेटीवानी नाही वाटत. गाय हंबरल्यावानी वाटते."

"आत्या, नुसतं आ म्हण."

"मी नाही म्हणत आता."

"म्हणू नको. गुणगुण. गायीसोबत."

तिनं तोंड न उघडता सूर धरला. लगेच घासला. तिच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं आलं, विहारात पहिल्या रांगेत असायचं ते. ती थांबणार तेवढ्यात मी गुंडी फिरवायला लागले. अगदी हळू. मी गुंडीकडं पाहत नव्हते, भिंतीकडं पाहत होते, म्हणजे माझा हात आपोआप कालच्या जागी थांबू नये.

"थांब," आत्या म्हणाली. "आता पुढं गेली. मांगं घे. हां. इथंच ठेव. हात नको लावू आता."

मी खाली पाहिलं. गुंडी आदल्या संध्याकाळच्या खुणेवर होती.

आत्यानं सूप बाजूला सारलं, मांडी घातली. ढोलकी नव्हती तर स्वतःच्या मांडीवर बोटं मारली. आणि म्हटलं. पाटी धर वो लेकी. 'लेकी' वर गेलं, जिथं जायचं तिथं गेलं, फाटलं नाही. चूल राहू दे मागं. मी नुसता सा धरून बसले होते, दुसरं काही वाजवायची माझी हिंमत नव्हती. तिनं सगळं गाणं म्हटलं, मग दुसरं म्हटलं, मग एकाचे शब्द विसरली आणि नवेच घातले.

मग थांबून माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे मी बरी हावो?"

"तू बरीच होतीस आत्या. पेटी बदलली." मी तिला व्हिडिओ दाखवला, मामाजींचं बोट दाखवलं, विहारातल्या पेटीचं सांगितलं.

ती ऐकत राहिली. आणि पहिलं वाक्य काय म्हणाली? "मंग मले खर्रा काहून सोडाले लावला बे तुम्ही लोकायनं?"

"कोणीच सोडायला लावला नाही. तूच सोडला."

"मले वाटलं गळा गेला तं कशाले खाचा. मजाच नोती." तिनं पदरानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिली. मी मशीनच्या वायरीकडं पाहत बसले.

नंतर मी विचारलं की पेटी आधीपासून खाली होती ती कशी. विकत घेतली तेव्हापासून?

आत्यानं एकदम सुपावर थाप मारली. "अवो, कानस!"

"कसली कानस?"

"लहान्या पोराच्या वेळेस मले ताप आलता. लय दिवस. बरी झाली तं गळा वर जाचना. मी म्हटलं, आता आपलं गाणं सरलं. तवा हे एक दिवस ओट्यावर पेटी खोलून बसले. आतल्या पितळी पात्या काढून काढून बारीक कानशीनं घासत. मी इचारलं, काय करून राहिले? तं म्हणे, साफ करून राहिलो, कचरा बसला. दोन-चार सुट्ट्या तेच. आन् मंग मी गायला बसली तं गळा बरोबर लागला. मी साऱ्या गावाले सांगितलं, माहा गळा वापस आला म्हणून. हे आपले पेटी वाजवत बसले. बोललेच नाही." तिनं सूप उचलून मांडीवर घेतलं. "सांगितलं नाही लेकाच्यानं. मरेपर्यंत सांगितलं नाही."

मला असं वाटत होतं, की कोणीतरी गच्च धरून ठेवलेला हात सोडला आहे आणि रक्त परत बोटांत येतं आहे.

निघताना मी म्हटलं, "पेटी परत खाली करून आणू का? नागपूरवाल्याला सांगते, आधी होती तशी कर."

"नको. झाली बरोबर तं राहू दे बरोबर. सुनाबाळी शिकून राहिल्या तिच्यावर, त्यायले कायले वाकडं शिकवा?" तिनं माझ्या मशीनवर बोटानं टिचकी मारली. "माही वाकडी पट्टी तुह्या या गायीत ठेव. राहते का त्याच्यात?"

राहते. मशीनमध्ये बनवलेला आवाज साठवून ठेवता येतो आणि त्याला नाव देता येतं. मी तिथंच साठवला. नाव दिलं आत्या.

काकूंना मी फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग मी ढोलकी चढवून ठेवतो." एवढंच. फ्लेक्स मात्र तोवर छापून झाला होता. शेठ म्हणाले, छापलेलं वापस होत नसते. मी म्हटलं, नका करू.

जयंतीला सौंसरच्या मंचावर मी मशीन घेऊन चढले तेव्हा खालून पोरांनी आवाज दिलाच, "डीजेवाली आली रे!" मी माईकवर म्हटलं, हो, आली, आणि आता चूप बसा. आत्यानं शाल घेतली. कपडा तपासून घेतली. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी तिच्या आजवरच्या सेवेबद्दल बोलायला सुरुवात केली तर तिनं त्यांच्या हातातून माईक काढून घेतला आणि म्हणाली, "ते मांगून बोलजा. आधी गाणं होऊ द्या. इची लाईट जाईन नाही तं."

काकूंनी एकदा आत्याकडं पाहिलं. मी सा धरला.

तो फ्लेक्स आता रामाकोन्याला आहे. आत्यानं तो तुरीच्या पोत्यांवर टाकला आहे, छापलेली बाजू खाली करून. मागच्या वेळी गेले तेव्हा मी म्हटलं, निदान फोटो तरी वर ठेव, चांगला आला आहे. ती म्हणाली, "उन्हानं रंग उडते वो. आन् तू मले काळीच ठेवली, थोडी गोरी केली असती तं वरही ठेवली असती."

मग तिनं विचारलं, मशीन आणली का.